मानपान आणि मायक्रॉन

आमच्या गावात, नातेपुत्यात, कुणाची पत किती, हे सात-बारा न बघताही कळतं. त्याच्यापुढं पाणी कशातून आलं, तेवढं बघायचं. घरचा गडी रांजणावरचा तांब्या स्वतःच बुडवून घेतो, वरून ओततो, तोंड पुसतो आणि कामाला लागतो. शेजारी टेकला तर स्टीलचा पेला. तो विसळलेला असेलच असं नाही. पुण्याहून आलेल्या चुलतभावाला जारचं गार पाणी, पातळ प्लास्टिकच्या ग्लासात. आणि बँकेचे साहेब, झेडपीचे इच्छुक उमेदवार किंवा पोरगी बघायला आलेली मंडळी असली, की पोराला मोटारसायकलवर पिटाळून सीलबंद बाटल्या आणल्या जातात. 200 मिलीच्या. एवढ्याशा बाटलीनं तहान भागत नाही, पण ते पाणी तहानेसाठी दिलेलंच नसतं. पाहुण्यानं टोपण पिळून कडकड आवाज काढला, की यजमानाच्या जिवात जीव येतो. पाहुणा दोन घोट घेतो, बाटली कोचाच्या पायाशी ठेवतो आणि निघून जातो. पुढं कितीतरी दिवस ती अर्धी बाटली घरात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत राहते. टाकवत नाही, कारण पाणी विकतचं. पिववत नाही, कारण उष्टं.

आता पंचाईत अशी झालीय, की शास्त्रज्ञांनी या मानाचाच पंचनामा करून टाकला. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी तिकडच्या तीन कंपन्यांचं बाटलीबंद पाणी तपासलं आणि जानेवारी 2024 मध्ये आकडा जाहीर केला: एका लिटरमागं सरासरी 2,40,000 प्लास्टिकचे कण, त्यातले बहुतेक मायक्रॉनहूनही बारीक. आपल्याकडच्या बाटलीलाही तोच हिशोब लावला, तर 200 मिलीच्या मानाच्या बाटलीत 48,000 कण बसतात. म्हणजे इच्छुक उमेदवाराला आपण पाण्याबरोबर एका मध्यम नगरपालिकेच्या मतदारसंख्येइतके कण पाजतो. तांब्यानं पिणाऱ्या गड्याच्या वाट्याला यातलं फारसं काही येत नाही. त्याचा तेवढा मान नाही.

चहाची कथा हीच. स्टँडजवळच्या हॉटेलात पूर्वी काचेचे ग्लास असायचे. ते एका बादलीत बुडवून काढले की धुतले असं धरायचं. सकाळी त्या बादलीत पाणी असे. दुपारपर्यंत तिच्यात बऱ्यापैकी फिक्का चहा तयार होई. मग कागदी कप आला, आणि कोरोनात तर त्याला राजमान्यताच मिळाली. 'युज अँड थ्रो' म्हणजे स्वच्छ, काच म्हणजे कुणाकुणाचं उष्टं. एक गोष्ट या कपाच्या बाजूनं सांगितलीच पाहिजे. कुणाला कपबशी आणि कुणाला कोपऱ्यात वेगळा ठेवलेला कान तुटका कप, हा प्रकार आपल्या गावोगावच्या हॉटेलांनी अगदी अलीकडंपर्यंत पाळला. फेकायचा कप जात विचारत नाही. त्याचं हे पुण्य त्याच्या खात्यावर राहू द्यावं.

पण कप नावालाच कागदी. आतून पॉलिइथिलीनचं अस्तर असतं, नाहीतर कागदात चहा थांबेल कशाला? आयआयटी खरगपूरमध्ये सुधा गोयल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा कपांत 85 ते 90 अंशांचं 100 मिली पाणी ओतलं आणि 15 मिनिटं तसंच ठेवलं. पाण्यात सुमारे 25,000 सूक्ष्म कण उतरले. दिवसाला तीन चहा घेणारा माणूस 75,000 कण पितो, असा त्यांनी हिशोब मांडला. तीन चहावर दिवस काढणारा माणूस आमच्या माळशिरस तालुक्यात आजारी समजला जातो, हे खरगपूरला कुणी कळवलेलं दिसत नाही.

हा आकडा मी हॉटेलातल्या बाकड्यावर मोठ्यांदा वाचून दाखवला. "पंधरा मिन्टं?" एक तात्या म्हणाले, "आरं, ह्या कपात च्या येतोय केवढा? दोन घोट. पंधरा मिन्टं धरून कोण बसतंय?" दुसऱ्यानं शास्त्रीय शंका काढली, "पर मोजलं कसं? दिसत तर न्हाईत." हॉटेलवाल्यानं गल्ल्यावरून मान वर न करता वाद मिटवला, "कण फुकट हायेत. च्याचे धा रुपये द्या."

तात्यांचा मुद्दा हॉटेलपुरता बरोबर आहे. पण पार्सल चहाचं काय? रानात बाया खुरपायला लावल्या, की मालक चार वाजता गावात येतो. उकळी फुटलेलं पातेलं उतरवलं जातं. हॉटेलवाला दोन बोटांत पारदर्शक पिशवीचं तोंड धरतो आणि वरून गाळणं लावून धार सोडतो. पिशवी आधी आखडते, मग मऊ पडते, मग टम्म फुगते. तिच्या अंगावर बारीक सुरकुत्या येतात आणि आल्याच्या वासात आणखी एक वास मिसळतो, ज्याला आमच्याकडं 'पार्सलचा वास' म्हणतात आणि वाईट मानत नाहीत. गळ्याशी पीळ देऊन गाठ मारायची, वर कागदी कपांची चळत अडकवायची, आणि हे सगळं हँडलला लावून गाडी वस्तीवर. वाटेत पिशवी गुडघ्याला लागते आणि मालक एका पायावर गाडी चालवतो. वस्तीवर पोचल्यावर पिशवीचा कोपरा दातानं तोडतात आणि बारीक धारेनं कप भरतात. खरगपूरची 15 मिनिटं इथं पुरेपूर भरतात. शिवाय आधी पिशवी, मग कप, असा दुहेरी संस्कार होतो. आणि हाही मानच बरं का. घरून किटलीत आणलेला चहा म्हणजे मालक चिक्कू. "हाटेलचा च्या पाजला" असं बाया दुसऱ्या दिवशी सांगतात, तेव्हाच मालकाच्या रानात मजूर टिकतात.

कण पोटात गेले तर जातील आणि बाहेर पडतील, एवढंच असतं तर मी लेख लिहायला बसलो नसतो. कणांबरोबर रसायनं येतात, आणि त्यांची तऱ्हा वेगळी. प्रत्येक लग्नात एक गृहस्थ असतो. डोक्याला फेटा, कपाळाला गंध, खिशाला पेन. मुलाकडचे त्याला मुलीकडचा समजतात, मुलीकडचे मुलाकडचा. तो पहिल्या पंगतीला बसतो, जिलेबीचा आग्रह करून घेतो, हळूहळू आचाऱ्याला सूचना द्यायला लागतो, आणि घोळ असा होतो की त्या पाळल्या जातात. भट्टी विझते, भात दोनदा शिजतो, बँडवाले भलत्याच वेळी सुरू होतात. मांडव आवरताना कळतं, की तो कुणाचाच नव्हता. बिस्फेनॉल ए नावाचं रसायन शरीरात हाच उद्योग करतं. ते दिसायला इस्ट्रोजेन या हार्मोनच्या जवळपास जातं, म्हणून पेशी त्याला घरचं समजून आत घेतात आणि त्याचे हुकूम ऐकतात.

मौज म्हणजे हे कुणाला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. बिस्फेनॉल ए पहिल्यांदा तयार झालं 1891 मध्ये. 1930 च्या दशकात लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी ते हार्मोनची नक्कल करतं हे दाखवूनही दिलं. औषध म्हणून त्याची निवड झाली नाही, त्याहून जोरकस रसायन सापडलं म्हणून. पुढं 1950 च्या दशकात हेच रसायन पॉलिकार्बोनेटच्या कारखान्यात रुजू झालं आणि बाटल्यांत, डब्यांच्या आतल्या अस्तरात, एटीएमच्या गुळगुळीत पावतीवर जाऊन बसलं. 20 लिटरचे निळसर पारदर्शक जार बरेचसे याच पॉलिकार्बोनेटचे. एप्रिल-मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, लग्नाच्या मांडवाबाहेर टेम्पोवर जे जार तळपत असतात ते बघून मला फेट्यातला गृहस्थ आठवतो. भारतात लहान मुलांच्या दुधाच्या बाटल्यांत बिस्फेनॉल ए चालत नाही. बाळाचा बाप मात्र जारचं पाणी पिऊ शकतो. तो मोठा झालाय, त्याचं त्यानं बघावं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2023 मध्ये रोज किती बिस्फेनॉल ए चालेल याची मर्यादा एका झटक्यात 20,000 पटींनी खाली आणली. आमच्याकडं कर्जमाफीतसुद्धा इतकी मोठी सूट कुणी दिलेली नाही.

घाबरवणारे आणि न घाबरणारे, दोघांचंही या विषयात फार चालतं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला एक संदेश येतो: आपण आठवड्याला एका एटीएम कार्डाएवढं प्लास्टिक गिळतो. हा 5 ग्रॅमचा आकडा 2019 सालचा, आणि तो भलताच फुगवलेला आहे हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. तरी संदेश येतो, आणि त्याखाली कुणीतरी हमखास विचारतं, "पिन कुठाय?" माणसाच्या मेंदूत चमचाभर प्लास्टिक सापडल्याची 2025 ची बातमीही अशीच जोरात फिरली. मेंदूत मुळातच चरबी भरपूर, आणि ती यंत्राला प्लास्टिक वाटू शकते, असा आक्षेप इतर शास्त्रज्ञांनी घेतला; तो मात्र कुणी फॉरवर्ड केला नाही.

पण म्हणून सगळंच थोतांड नाही. 2024 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतून काढलेला चरबीचा थर 257 रुग्णांमध्ये तपासला. त्यातल्या 58 टक्के लोकांच्या थरात पॉलिइथिलीन होतं, आणि पुढच्या तीनेक वर्षांत या लोकांना हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या साडेचार पट दिसला. प्लास्टिकमुळंच हे झालं असं आम्ही म्हणत नाही, असं त्या डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं. संबंध दिसतो, कारण सिद्ध व्हायचंय. मी हे तात्यांना नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी संशयित आरोपी. जामिनावर हाय." इतकी अचूक व्याख्या मी इंग्रजी नियतकालिकांतही वाचलेली नाही.

पाणी सोडलं, चहा सोडला, तरी साखर उरते. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेनं 2024 मध्ये दहा प्रकारचं मीठ आणि पाच प्रकारची साखर तपासली. एकही नमुना प्लास्टिकच्या कणांशिवाय निघाला नाही. साखरेत किलोमागं सुमारे 12 ते 68 कण. आमच्या भागात साखरेबद्दल असं बोलणं म्हणजे कुलदैवताबद्दल बोलणं. सदाशिवनगरपासून अकलूजपर्यंत उसावर उभं राहिलेलं जग आहे हे. साखरेचा उतारा किती लागला, यावर इथं माणसांची झोप ठरते. आता प्लास्टिकचा उतारा कोण काढणार, आणि त्याचा दर एफआरपीत धरणार का, हा प्रश्न मी एका संचालकांच्या नातेवाइकाला विचारला होता. तेव्हापासून ते मला ओळख दाखवत नाहीत.

सरकारनं काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. 2018 च्या गुढीपाडव्यानंतर लगेच, 23 मार्चला, महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि 23 जूनपासून दंड सुरू झाला: पहिल्यांदा सापडलात तर 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तुरुंगसुद्धा. सुरुवातीचे काही दिवस बाजारात हाहाकार झाला. मग दोन्ही बाजू एकमेकींना समजून घ्यायला लागल्या. आता बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या मावशी गोणपाटाखाली हात घालतात, आजूबाजूला बघतात, आणि कॅरीबॅग अशी हातात सरकवतात की मेथीची जुडी घेतानासुद्धा आपण काहीतरी बेकायदा करतोय असा सुखद भास होतो. दंड झालाच तर मावशींना होतो. पिशवी जिथं बनते त्या कारखान्याला गोणपाट लागत नाही, तो लांब असतो आणि त्याला पत्रा असतो.

"घरून पिशवी आणत जा की," असं मावशी सांगत नाहीत, कारण गिऱ्हाईक शेजारच्या पालावर जाईल. हातात कापडी पिशवी धरून बाजारात जाणं म्हणजे पेन्शनर असल्याची कबुली. तरण्या पोरांनी मोकळ्या हातानं जायचं, खिशात मोबाईल, आणि येताना बोटांना सात कॅरीबॅगा लटकलेल्या. जुन्या पिढीकडं त्या रंगीत विणलेल्या वायरच्या पिशव्या असत, चांगल्या वीस-वीस वर्षं टिकणाऱ्या. पर्यावरणाच्या व्याख्यानात त्यांचं फार कौतुक होतं. ती वायर कशाची होती, हे व्याख्यानात कुणी काढत नाही.

आणि वर्षातून एकदा, आषाढात, या सगळ्याची जत्रा भरते. ज्ञानोबा माउलींची पालखी फलटण, बरड करून धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि पहिला मुक्काम नातेपुत्यात करते. त्या रात्री गावात गाव मावत नाही. प्रत्येकाला वारकऱ्यांची सेवा करायची असते, आणि सेवा म्हटली की पुडकं आलं. राजगिऱ्याचे लाडू पुडक्यात, चिवडा पुडक्यात, पाणी बाटलीत, चहा कपात; रेनकोट पुढाऱ्याच्या फोटोसकट. पाऊस आला, की डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया वरून प्लास्टिकचा कागद ओढून घेतात आणि निळ्या-पांढऱ्या कागदाची एक लांबच लांब नदी अभंग म्हणत पुढं सरकते. तो कागद कुणी काढून घ्यायची भाषा केली तर मी स्वतः आडवा येईन. भिजून न्यूमोनिया होण्यापेक्षा प्लास्टिक परवडलं.

एका वर्षी मी चहाच्या मांडवात वाढायला होतो. एक म्हातारबुवा पुढं आले. मी कप धरला; त्यांनी तो परत केला आणि पडशीतून अल्युमिनिअमचा चेपका तांब्या काढला. मी मनातल्या मनात लेखाचा शेवट जुळवायला घेतला: परंपरा, साधेपणा, निसर्ग वगैरे. बुवा म्हणाले, "कपात काय येतंय माऊली? ह्यात वता." मी ओतला. "आजून." ओतला. तांब्या गळ्याशी आल्यावर त्यांनी मागच्या सोबत्यालाही तांब्या काढायची खूण केली. पाचव्या तांब्याला आमचं पातेलं तळाला लागलं. मांडवातल्या कार्यकर्त्यांनी तेव्हापासून ठराव केलाय, चहा फक्त कपातच द्यायचा. पालखी पुरंदावड्याच्या रिंगणाकडं गेल्यावर मागं जो ढीग उरतो, त्यात त्या ठरावाचा वाटा मोठा आहे.

आता फ्लेक्सबद्दल. पाणी, चहा, पिशव्या यांच्यावर कुणीतरी संशोधन केलंय. आमच्या भागात फ्लेक्सचं पुढं काय होतं, यावर खरगपूरचंही लक्ष गेलेलं दिसत नाही. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ करायला थॅलेट नावाची रसायनं घालतात. ती त्या प्लास्टिकला पक्की जोडलेली नसतात. ऊन लागलं, गरम लागलं, तेल-तूप लागलं की हळूहळू बाहेर पडतात. त्यातली काही पुरुषी हार्मोन कमी करतात, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. केंद्रानं 1 जुलै 2022 पासून 100 मायक्रॉनच्या आतले पीव्हीसी फलक बंद केले. त्यामुळं कुणी पुढारी फलकावरून उतरला नाही. सगळे जाड झाले, एवढंच.

पुढाऱ्याचा वाढदिवस संपला, की फ्लेक्स उतरतो आणि त्याचं खरं आयुष्य सुरू होतं. कडब्याच्या गंजीवर, गोठ्यावर, मोरीला आडोसा म्हणून. आणि उन्हाळ्यात, वाळवणाला. आमची थोरली काकी चैत्रात गव्हाचा चीक शिजवते आणि गच्चीवर फ्लेक्स अंथरून सोऱ्यानं गरमागरम कुरडया घालते. छापील बाजू वर. ती गुळगुळीत असते, कुरडई वाळली की टचकन सुटते. मी वर गेलो तेव्हा फ्लेक्सवरच्या भाऊंच्या दोन्ही गालांवर एकेक कुरडई होती, कपाळावर मोठी, आणि 'हार्दिक'च्या 'दि'ला एक छोटी लटकलेली. खाली उभ्या असलेल्या बारा शुभेच्छुकांपैकी निम्मे चिकाखाली गेले होते.

मी काकीला थॅलेट समजावून सांगायला बसलो. चीक गरम, ऊन वरून, प्लास्टिक खालून. हे सगळं कुरडईत उतरतं. तिनं सोऱ्या न थांबवता ऐकलं.

"मंग कशावर घालू?"

"पूर्वी लुगड्यावर घालायची ना? सुती."

"सुती लुगडं आता हाय कुणाकडं? ह्या सगळ्या साड्या बी त्यातल्याच. शिलकीच्या." सिल्क म्हणजे तिच्या भाषेत पॉलिस्टर, आणि ते चुकीचं नाही.

मी म्हटलं, निदान जुना फ्लेक्स तरी टाकून दे, उन्हानं तडकलाय, त्याचे पोपडे निघतायत.

हे तिला पटलं. "निवडणूक लागू दे," ती म्हणाली, "नवीन येत्यालच." मग जरा विचार करून म्हणाली, "पर ह्या पार्टीचा नगं आणूस. त्या दुसऱ्यांचा आण. ह्यांचा रंग कुरडईला लागतोय."